भागाकार तोच, उत्तर वेगळे

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघते त्या वर्षी जून महिन्यात वर्गात थोडासा गोंधळ उडतो. काही मुलांकडे मोठ्या भावंडांची जुनी पुस्तके असतात, काहींकडे नवी. "पान बेचाळीस उघडा" असे म्हटले की एकापुढे भिंगाची आकृती येते आणि दुसऱ्यापुढे मागच्या धड्याचा स्वाध्याय. त्याऐवजी शिक्षकांनी "प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा उघडा" असे सांगितले, तर दोन्ही पुस्तकांची मुले योग्य जागी पोहोचतात. नवीन पुस्तकात धड्याचे नावच बदलले असेल, तर मुले लगेच हात वर करून "बाई, असा धडाच नाही" असे सांगतात आणि प्रश्न तेथेच मिटतो.

पण समजा, धड्याचे नाव तेच आहे आणि आतील चिन्हांचा संकेत मात्र बदलला आहे. जुन्या पुस्तकात वस्तूचे अंतर धन धरले आहे, नव्यात कार्टेशियन संकेतानुसार ऋण. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर २० सेंमी आणि वस्तू ३० सेंमीवर असेल, तर प्रतिमा ६० सेंमीवर मिळायला हवी. एका पुस्तकाचे सूत्र घेऊन त्यात दुसऱ्या पुस्तकाच्या संकेताने किमती घातल्या, तर उत्तर १२ सेंमी येते. येथे कोणीही हात वर करत नाही. सर्वजण योग्य पानावर असतात, आकडेमोड बिनचूक असते आणि उत्तर चुकलेले असते.

संगणकाच्या आज्ञावल्यांच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार नेहमी घडतात. पानाच्या क्रमांकावर विसंबणे, नावावर विसंबणे आणि अर्थावर विसंबणे, असे त्यांना म्हणू. एका आवृत्तीसाठी तयार केलेला घटक दुसऱ्या आवृत्तीबरोबरही पूर्वीसारखाच चालणे, याला सुसंगतता म्हणतात. ती कशी मोडते आणि कशी टिकवतात, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू या. उदाहरण आहे पायथन या संगणकभाषेचे. ते निवडण्याचे कारण असे की ही भाषा संशोधनात सर्वत्र वापरली जाते, सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही ती शिकवली जाते आणि तिच्या स्थित्यंतराला बारा वर्षे लागली.

प्रथम घटक म्हणजे काय ते पाहू. आज कोणीही मोठी आज्ञावली अगदी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. मोजमापांवरून आलेख काढण्यासाठी मी दोनशे ओळी लिहितो, तेव्हा त्या दोनशे ओळी इतरांनी लिहिलेल्या लाखो ओळींवर उभ्या असतात. सर्वांत खाली पायथन भाषा. तिच्यावर संख्यांच्या मोठ्या कोष्टकांची गणिते वेगाने करणारा 'नम्पाय' हा घटक. त्याच्या आधारावर आलेख काढणारा 'मॅटप्लॉटलिब'. संकेतस्थळे उभारणारे लोक 'जँगो' ही चौकट वापरतात. चौकट, म्हणजेच फ्रेमवर्क, ही खांब आणि तुळया आधीच उभ्या असलेल्या घरासारखी असते. आपण आपल्या गरजेप्रमाणे भिंती आणि दारे बसवायची. यांतील प्रत्येक थर वेगळ्या माणसांनी, वेगळ्या गावी, वेगळ्या वेळापत्रकाने तयार केलेला असतो. खालचा थर बदलला म्हणून वरचे सगळे त्याच दिवशी बदलत नाहीत. अडचणीचे मूळ एवढेच आहे.

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांच्या हाती आली. २००० साली दुसरी मुख्य आवृत्ती निघाली. भाषा लोकप्रिय झाली तसे तिच्या रचनेतील काही जुने दोष टोचू लागले. ते एकेक करून दुरुस्त करावेत तर दर वेळी कोणाची तरी आज्ञावली मोडणार. म्हणून सगळे दोष एकदमच काढावेत आणि एकदाच काय तो त्रास व्हावा, असे ठरले. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ प्रसिद्ध झाली. जुन्या आवृत्तीशी ती जाणूनबुजून विसंगत ठेवण्यात आली होती.

काय बदलले ते शाळेतल्याच उदाहरणाने पाहू. एका विद्यार्थ्याला चार चाचण्यांत मिळून १३९ गुण मिळाले. सरासरी काढायची आणि ३५ किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण म्हणायचे. पायथन २ मध्ये १३९ ला ४ ने भागले की उत्तर येई ३४. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यावा आणि बाकी टाकून द्यावी, हा त्या भाषेचा नियम होता. पायथन ३ मध्ये त्याच ओळीचे उत्तर ३४.७५ येते आणि पूर्णांकात ते ३५ होते. आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नाही, गुणही तेच आहेत. एका संगणकावर मुलगा नापास आणि शेजारच्या संगणकावर पास.

आता १३८ गुण घ्या. सरासरी बरोबर ३४.५. ही सरासरी दशांशात काढली आहे, म्हणजे वरची अडचण येणार नाही, असे धरू. पूर्णांकात मांडण्यासाठी पायथनमध्ये 'राउंड' नावाची क्रिया आहे. पायथन २ मध्ये ती ३५ देई, कारण आपण वर्गात शिकवतो त्याप्रमाणे अर्धा आला की वर जायचे. पायथन ३ मध्ये ती ३४ देते! नवा नियम असा की संख्या नेमकी मध्यावर असेल तर जवळच्या सम संख्येकडे जावे. ३४ सम आहे, म्हणून ३४. ३५.५ ला मात्र दोन्ही आवृत्त्या ३६ म्हणतात.

हा नियम विचित्र वाटला तरी त्यामागे कारण आहे. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची बेरीज ८ होते. प्रत्येकाला वर ढकलले तर १, २, ३, ४ मिळून १० होतात. सम संख्येकडे नेले तर ०, २, २, ४ मिळून ८ च राहतात. अर्धा नेहमी वरच ढकलला तर लांबलचक बेरजा हळूहळू फुगत जातात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवा नियम चांगला आहे. गुणपत्रिकेच्या दृष्टीने तो चांगला आहे का, हा वेगळा प्रश्न.

तिसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. फाइलमधून वाचलेले गुण संगणकाला पुष्कळदा संख्या म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून मिळतात. २८ म्हणजे अठ्ठावीस नव्हे, तर '२' आणि '८' ही दोन चिन्हे. मजकुराची संख्येशी तुलना करायला सांगितली तर पायथन २ तक्रार करत नसे. कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा, असे ती खुशाल मानत असे. त्यामुळे मजकुराच्या रूपातील २८ हे ३५ पेक्षा मोठे ठरत आणि अख्खा वर्ग उत्तीर्ण होई. पायथन ३ अशा तुलनेला नकार देते आणि चूक दाखवून थांबते. हा बदल जुन्या आज्ञावल्या मोडणारा होता, पण मला तो सर्वांत उपकारक वाटतो.

आणि चौथा बदल मजकुराचा. आपल्या लिपीशी त्याचा थेट संबंध आहे. संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, बाइट असतात. युनिकोडच्या प्रचलित 'यूटीएफ-८' मांडणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'शाळा' या शब्दाची लांबी विचारली तर पायथन २ 'बारा' असे उत्तर देत असे, कारण ती बाइट मोजत असे. पायथन ३ 'चार' म्हणते: श, काना, ळ, काना. (आपण म्हणू दोन. तो वाद अजून मिटायचा आहे.) पायथन २ मध्ये साध्या मजकुराचा आणि युनिकोड मजकुराचा संयोग झाला, तर इंग्रजी नावे असेपर्यंत सगळे सुरळीत चाले, यादीत पहिले देवनागरी नाव आले की आज्ञावली बंद पडे. इंग्रजीतच लिहिणाऱ्यांना हा दोष वर्षानुवर्षे दिसलाच नाही. पायथन ३ ने बाइट आणि मजकूर हे दोन प्रकार अगदी वेगळे केले. त्यापायी जगभरच्या आज्ञावल्यांची फार मोडतोड झाली. मराठी वापरणाऱ्याने तरी तिला त्याबद्दल दोष देऊ नये.

या चार उदाहरणांत एक भेद लक्षात घ्यावा. तुलनेच्या बदलामुळे आज्ञावली थांबते, म्हणजे मुलगा हात वर करतो. भागाकार आणि राउंड यांच्या बदलामुळे ती थांबत नाही. ती वेगळे उत्तर देऊन पुढे जाते. पायथन ३ विषयी सर्वांत जास्त ओरड झाली ती 'प्रिंट' या आज्ञेनंतर कंस आवश्यक केल्याबद्दल. वास्तविक हा बदल सर्वांत निरुपद्रवी होता. कंस नसला तर आज्ञावली सुरूच होत नाही, दोन मिनिटांत दुरुस्ती होते. ज्याचा आवाज होतो त्याची चर्चा होते आणि मुका बदल निसटून जातो.

भाषा बदलणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. भागाकाराच्या बाबतीत त्यांनी फार आधीपासून तयारी केली होती. बाकी टाकून देणारा भागाकार दाखवण्यासाठी दोन तिरप्या रेषांचे नवे चिन्ह त्यांनी २००१ सालच्या २.२ या आवृत्तीतच आणले. हे चिन्ह दोन्ही आवृत्त्यांत एकाच अर्थाचे आहे. शिवाय फाइलच्या आरंभी एक ओळ लिहून 'या फाइलपुरता भविष्यातला भागाकार वापर' असे जुन्या पायथनला सांगता येई. त्या सोयीचे नावच 'फ्यूचर' असे होते. बदल होण्याच्या सात वर्षे आधी नवा अर्थ वापरून पाहण्याची ही युक्ती मला फार आवडते. राउंडसाठी मात्र अशी सोय नव्हती.

पायथन ३ निघाल्यावर घटक तयार करणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. वापरणारे म्हणत, आम्हाला लागणारे घटक नव्या पायथनवर नाहीत, मग आम्ही कसे जाणार? घटकांचे कर्ते म्हणत, आमचे वापरणारे सगळे जुन्या पायथनवर आहेत, मग आम्ही कोणासाठी कष्ट घ्यावेत? आणि घटक एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे खालचा हलल्याशिवाय वरच्याला हलताच येत नव्हते.

आरंभी सुचवलेला मार्ग असा होता की मूळ आज्ञावली पायथन २ मध्ये ठेवावी आणि 'टू-टू-थ्री' नावाच्या साधनाने तिचे यांत्रिक भाषांतर करून पायथन ३ ची प्रत तयार करावी. हा मार्ग फारसा चालला नाही. कंस घालणे यंत्राला जमते. पण एखादा चल बाइटांसाठी आहे की मजकुरासाठी, हे लिहिणाऱ्याच्या मनात असते, ते यंत्राला कळणार कसे? शिवाय चूक भाषांतरित प्रतीत सापडायची आणि दुरुस्ती मुळात करावी लागायची.

शेवटी वेगळाच मार्ग रूढ झाला. एकच आज्ञावली अशी लिहायची की ती दोन्ही आवृत्त्यांवर जशीच्या तशी चालेल. दोन्हींत समान असलेला भाग तेवढाच वापरायचा आणि जेथे नावे वेगळी आहेत तेथे मधे एक दुभाषा बसवायचा. 'सिक्स' नावाचा एक छोटा घटक हा दुभाषा झाला. वरची आज्ञावली 'सिक्स'शी बोलते, आणि खाली कोणते पायथन आहे ते पाहून 'सिक्स' योग्य नाव पुरवतो. सहा हे नाव का? तर दोन गुणिले तीन बरोबर सहा. बेरीज करून पाच का नको, याचेही उत्तर कर्त्याने देऊन ठेवले आहे: गुणाकार अधिक सामर्थ्यवान आहे, आणि 'फाइव्ह' हे नाव दुसऱ्या एका प्रकल्पाने आधीच घेतले होते!

भाषेच्या कर्त्यांनाही दोन पावले मागे यावे लागले. पायथन २ मध्ये युनिकोड मजकुराच्या अवतरणापूर्वी 'यू' हे अक्षर लिहावे लागे. पायथन ३ मध्ये सगळाच मजकूर युनिकोड असल्यामुळे ते अनावश्यक झाले आणि काढून टाकण्यात आले. परिणामी 'यू' लिहावे तर नव्यात चालत नाही, गाळावे तर जुन्यात अर्थ बदलतो, अशी अवस्था झाली. २०१२ साली ३.३ या आवृत्तीत त्यांनी हे अक्षर पुन्हा चालू केले. ते काहीच काम करत नाही, नुसते खपवून घेतले जाते. रचनेच्या शुद्धतेच्या दृष्टीने ही माघारच. पण या एका निरुपयोगी अक्षरामुळे हजारो घटकांना दोन्ही दगडांवर पाय ठेवता आला.

जँगो या चौकटीची वाटचाल येथे पाहण्यासारखी आहे. २०१३ च्या फेब्रुवारीतील १.५ या आवृत्तीपासून ती 'सिक्स'च्या मदतीने दोन्ही पायथनवर चालू लागली. २०१७ मधील १.११ ही दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती. तिला २०२० पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील असे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात २.० निघाली आणि तिने पायथन २ चा निरोप घेतला. सुमारे पाच वर्षे पूल उघडा, मग पूर्वसूचना आणि मग पूल बंद. खुद्द पायथन २ चा अखेरचा दिवस आधी २०१५ मध्ये ठरला होता. लोक तयार नाहीत असे पाहून २०१४ साली तो पुढे ढकलण्यात आला आणि १ जानेवारी २०२० रोजी तिचा सांभाळ थांबला. २.७.१८ ही शेवटची आवृत्ती त्यानंतर एप्रिलमध्ये निघाली. ज्या 'टू-टू-थ्री' साधनाने आरंभ झाला, तेही २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतून वगळण्यात आले.

आतापर्यंतची उदाहरणे नावाची आणि अर्थाची होती. पानाच्या क्रमांकाचे काय? वेग हवा असतो तेथे घटक सी भाषेत लिहून त्याचे थेट यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतात. या रूपांतरात नावे नाहीशी होतात. 'कोष्टकाची लांबी' असे मुळात लिहिलेले असते, त्याचे यंत्रभाषेत 'आरंभापासून अमुक बाइट पुढे जे आहे ते' असे होते. म्हणजेच धड्याचे नाव जाऊन पान बेचाळीस उरते. खालच्या घटकाने आतली मांडणी थोडी जरी हलवली, तरी वरच्या घटकाच्या हाती भलतेच काही लागते. म्हणून नम्पायच्या कर्त्यांनी ही मांडणी फार जपली. २००६ साली १.० निघाल्यापासून सतरा वर्षांहून अधिक काळ त्यांच्या आवृत्तीचा पहिला आकडा १ च राहिला. १६ जून २०२४ रोजी २.० निघाली, तेव्हा मात्र जुन्यासाठी रूपांतरित केलेले घटक नव्यावर चालेनात. उलट दिशेची सोय त्यांनी करून ठेवली होती: नव्यासाठी रूपांतरित केलेला घटक १ आणि २ दोन्हींवर चालतो. त्यामुळे घटकांच्या कर्त्यांना एकदाच रूपांतर करून दोन्ही गटांची सोय लावता आली. पायथन ३ च्या अनुभवानंतर जगाने काही धडा घेतला असेल, तर तो येथे दिसतो.

पण नम्पाय २.० मध्येही एक मुका बदल आहेच. ३२ बिटांच्या दशांश संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळवली तर पूर्वी उत्तर ६४ बिटांत मिळे, म्हणजे सुमारे सोळा सार्थ अंकांपर्यंत. आता ते ३२ बिटांतच मिळते, म्हणजे सुमारे सात अंकांपर्यंत. नवा नियम अधिक सुसंगत आहे यात शंका नाही. मात्र ज्याच्या निष्कर्षाचे मर्म आठव्या अंकात आहे, त्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

कधी कधी तर कोणी काही वचन दिलेलेच नसते, तरी लोक त्यावर विसंबतात. पायथनमधील 'शब्दकोश' या रचनेत नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची हमी नव्हती. तसे स्पष्ट लिहिलेले होते. तरी क्रम सहसा तोच येई म्हणून अनेकांच्या आज्ञावल्या त्यावर उभ्या राहिल्या. सुरक्षेच्या कारणासाठी ३.३ आवृत्तीने तो क्रम दर वेळी बदलता केला आणि त्या आज्ञावल्या डळमळल्या. पुढे २०१६ मध्ये ३.६ ने स्मृतीची बचत करताना सहजच असे केले की नोंदी घातल्या त्या क्रमानेच बाहेर येऊ लागल्या. लोकांनी लगेच त्यावर विसंबायला सुरुवात केली. अखेर २०१८ च्या ३.७ पासून तोच नियम म्हणून जाहीर करावा लागला. अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे असले की घटकाच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर कोणी ना कोणी विसंबून असतेच, मग तुम्ही वचनात काहीही लिहिलेले असो.

याची किंमत विज्ञानाने मोजल्याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. रेणूंच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या मापनांवरून त्यांची रचना ठरवण्यास मदत करणाऱ्या काही पायथन आज्ञावल्या २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. रसायनशास्त्रज्ञ त्या वापरू लागले. २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की तीच आज्ञावली, तीच माहिती, पण संगणकाची कार्यप्रणाली बदलली की उत्तर बदलते. अ‍ॅपलच्या 'मॅव्हरिक्स' या जुन्या प्रणालीवर एक उत्तर, त्याच कंपनीच्या नंतरच्या 'मोहावी'वर दुसरे. कारण अगदी क्षुल्लक होते. आज्ञावली फोल्डरमधील फाइलींची यादी मागवत असे आणि ती यादी नावाच्या क्रमानेच येणार असे गृहीत धरून फाइलींच्या जोड्या लावत असे. पायथनने असे वचन कधीच दिले नव्हते. एका प्रणालीवर यादी क्रमाने येई, दुसरीवर येत नसे आणि मग जोड्या चुकत. यादी आधी क्रमाने लावून घेण्याची एक आज्ञा घातली की प्रश्न सुटतो. पण पाच वर्षांत ज्यांनी ही आज्ञावली वापरली, त्या प्रत्येकाला आपले आकडे पुन्हा तपासणे भाग होते.

मग वचन नेमके कशात असते? पहिला दर्शक म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. २.७.१८ सारख्या क्रमांकात तीन आकडे असतात. रूढ संकेत असा की शेवटचा आकडा वाढला तर केवळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी भर पण जुने शाबूत, आणि पहिला वाढला तर जुने मोडू शकते. सर्वजण तो पाळत नाहीत. पायथन स्वतःच पाळत नाही. आधी इशारा देऊन मधला आकडा वाढतानाही ती जुन्या सोयी काढते. उदाहरणार्थ, घटकांची बांधणी करणारी 'डिस्टयूटिल्स' ही जुनी सोय २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत गेली. म्हणून क्रमांकावर फार भिस्त ठेवू नये. क्रमांक हे कर्त्याचे मत असते, आणि आपण नेमके कशावर विसंबून आहोत हे कर्त्याला ठाऊक नसते.

दुसरी अडचण घटकांच्या भांडणाची. एका घटकाला नम्पाय २ हवी, दुसऱ्याला १ च चालते आणि आपल्याला दोन्ही घटक हवेत. पायथनमध्ये एका वेळी एकच नम्पाय बसू शकते. यावर व्यवहारी तोडगा म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळा डबा. २०१२ पासून पायथनमध्येच तशी सोय आहे; प्रत्येक डब्यात त्या कामापुरते घटक, नेमक्या आवृत्त्यांच्या यादीसह. त्याने दोन कामांतले भांडण मिटते. एकाच कामातले मात्र मिटत नाही. डबा कायमचा बंद करून ठेवला तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यात शिरत नाहीत. अनेक प्रयोगशाळांत एखादे जुने उपकरण चालवण्यासाठी कोपऱ्यात एक जुना संगणक जपून ठेवलेला असतो आणि त्याला इंटरनेट कधीही जोडलेले नसते. तोही असाच एक डबा.

घटकाच्या कर्त्याचे खरे काम चाचण्यांचे आहे. प्रत्येक क्रियेसाठी, ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी छोटी उदाहरणे लिहून ठेवायची आणि आपण ज्या ज्या आवृत्त्यांवर चालण्याचे वचन दिले आहे त्या प्रत्येकीवर ती सगळी उदाहरणे दर बदलानंतर यंत्राकडून सोडवून घ्यायची. उदाहरणे निवडताना मध्यावरची संख्या, रिकामी यादी, ऋण संख्या, देवनागरी नाव अशी कडेची माणसे आवर्जून बोलवावीत. १४० गुणांची सरासरी सगळीकडे ३५ च येते. त्या चाचणीचा उपयोग नाही. दुसरे काम इशारे ऐकण्याचे. एखादी सोय पुढे जाणार असेल तर चौकट आधी इशारा छापते. जँगो निदान दोन आवृत्त्या आधी तो देते. आज्ञावली चालते आहे म्हणून इशारे लपवून ठेवणारे पुष्कळ भेटतात.

या सगळ्या खटाटोपाऐवजी जुने कधी मोडायचेच नाही, हा मार्गही आहे. फोरट्रान ९० या भाषेने फोरट्रान ७७ मधील एकही सोय काढली नव्हती, आणि त्यामुळे अनेक दशकांपूर्वीची कितीतरी गणिते आजही चालतात. पण जुन्या चुकाही कायम मुक्कामाला राहतात आणि नव्या विद्यार्थ्याला त्या शिकाव्या लागतात. माझे मत असे की नावे बदलावीत, कंस घालावेत, मोडायचे ते आवाज करून मोडावे. पण त्याच नावाचा अर्थ बदलू नये. अर्थ नवा तर नाव नवे, जसे भागाकाराला दोन रेषांचे चिन्ह मिळाले तसे. 'रिसायन्स सी' या नियतकालिकाने २०१९ साली संशोधकांना असे आव्हान दिले होते की दहा वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाची स्वतःची आज्ञावली पुन्हा चालवून दाखवा. आज्ञावली बंद पडली तर निदान काय करायचे ते कळते. ती चालली आणि उत्तर तिसऱ्या अंकात वेगळे आले, तर खरे कोणते, जुने की नवे?

शाळेतील संगणकावर हा प्रश्न एका तासिकेत उभा करता येईल. जुनी पायथन मिळवण्याचीही गरज नाही. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने ३३.५, ३४.५, ३५.५ आणि -२.५ या संख्या एक्सेलमध्ये 'राउंड' क्रियेने पूर्णांकात आणाव्यात. दुसऱ्याने पायथन ३ मध्ये. एक्सेल ३४, ३५, ३६, -३ अशी उत्तरे देते आणि पायथन ३४, ३४, ३६, -२ अशी. क्रियेचे नाव दोन्हीकडे एकच आहे. त्यानंतर मुलांनी वर्गाचा निकाल पायथनमधून काढणारी आज्ञावली लिहावी. ती एक्सेलच्या निकालाशी प्रत्येक विद्यार्थ्यागणिक जुळली पाहिजे. आणि ३४.५ गुणांच्या विद्यार्थ्याचे काय करायचे, हे आज्ञावली लिहिण्यापूर्वी फळ्यावर लिहून घ्यावे.